पेटीतलं मांजर

शुभदाताई खटावकरांचं पत्र चैत्रात आलं. भाद्रपद उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. लिहायला बसलोच नाही असं नाही. अकरा वेळा बसलो. अकराही वेळा 'सप्रेम नमस्कार' इथपर्यंत अक्षर बरं आलं आणि पुढे हात थांबला.

आता २०४३ साली हातानं पत्र कोण लिहितं? पण त्यांच्याकडे माझा दुसरा कुठलाच पत्ता नव्हता. मिरजेच्या वाचनालयात मी पस्तीस वर्षं ग्रंथपाल होतो, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी बडोद्याहून वाचनालयाच्या पत्त्यावर पाकीट टाकलं. हल्लीच्या ग्रंथपालबाई ते घेऊन स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "नातूसर, तुम्हाला खरंखुरं पत्र आलंय."

पत्रात असं होतं :

"अच्युतराव, आपल्या नाटकाची टेप तुमच्याकडे आहे असं कळलं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मला आजीचं काम देऊ करत आहेत. मोठं काम आहे. वय त्र्याहत्तर. मला ते फार करावंसं वाटतं. पण एकोणपन्नास वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी मी भर रंगमंचावर अडले आणि भलतंच काहीतरी बोलले. मांजराचं. ते कुठून आलं, मला आजवर समजलेलं नाही. लोक हसले, पुढचं काही आठवत नाही. माझं डोकं तेव्हा फिरलं असेल, तर आता ते सुधारलं असण्याचा संभव नाही. मला तो प्रसंग एकदा डोळ्यांनी बघायचा आहे. मग मी इथं हो किंवा नाही सांगेन. दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे."

ते मांजर कुठून आलं, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस मी.

सांगून टाकतो. १९९४ साली आमच्या हौशी नाट्यमंडळानं स्पर्धेत तीन अंकी नाटक केलं होतं. लेखक, दिग्दर्शक आणि नाटकातला थोरला भाऊ, सगळं बापू आरवाडे. आई गेल्यावर तीन भाऊ घराची वाटणी करतात आणि बिनलग्नाची बहीण त्यांना अडवते, अशी गोष्ट. बहीण शुभदाताई. मी प्रॉम्प्टर. स्टेजवर यायची माझी छाती नव्हती, पण विंगेत उभं राहून वाक्यं पुरवायला छाती लागत नाही. कान आणि डोळे लागतात. त्यातले डोळे मी त्या दिवशी दुसरीकडे लावले होते. शुभदाताई कधीच अडत नसत. तालमीत एकदाही नाही. त्यामुळे त्यांच्या प्रवेशात मला काही काम नसे. मी संहितेवर एक रहस्यकथा उघडून ठेवली होती आणि ती ऐन रंगात आली होती.

दुसऱ्या अंकात बापू आईच्या पेटीचं कुलूप फोडायला येतात आणि बहीण त्यांना थांबवते. त्या जागी अचानक सगळं शांत झालं. मी दचकून वर बघितलं. शुभदाताईंची नजर माझ्याकडे. पेटीचा प्रसंग आहे एवढं मला कळलं, म्हणून मी पानावर 'पेटी' हा शब्द शोधला. सापडला. मोठ्यानं कुजबुजलो, "थांबा! कुणी हलू नका. पेटीत मांजर आहे."

चुकीचं पुस्तक, हे मला अर्ध्या सेकंदानं कळलं. तोवर त्यांनी ते वाक्य म्हटलेलं होतं. कुजबूज ऐकली हेही त्यांना पुढे आठवलं नसावं; ओळ आपल्याच डोक्यातून आली असं त्या समजल्या.

सभागृहातून हशा आला. मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि नाटक संपेपर्यंत सायकलस्टँडवर उभा राहिलो. परीक्षकांनी 'पाठांतर कच्चे' असा शेरा दिला. बापूंनी शुभदाताईंना सगळ्यांदेखत झापलं. मी तिथंच होतो. काही बोललो नाही. महिन्याभरात त्यांचं लग्न झालं, त्या बडोद्याला गेल्या आणि पुन्हा कधी स्टेजवर चढल्या नाहीत.

टेप मात्र मी जपून ठेवली होती. का, ते विचारू नका.

*

बापू आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. आवाज अजून तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. दिवाळीनंतर मंडळाचा सुवर्णमहोत्सव, आणि त्यात हे नाटक मोठ्या पडद्यावर दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं.

"अच्युता, टेप सतारमेकर गल्लीत घेऊन जा," ते म्हणाले. "तबस्सुमकडे. जुन्या यंत्रांचं तिला कळतं. आणि ते मांजर काढून टाकायला सांग."

"काढून म्हणजे?"

"अरे, हल्ली सगळं निघतं. माझ्या नातसुनेनं लग्नाच्या फिल्ममधून माझा खोकला काढला. मांजर काय चीज आहे!"

मी मान डोलावली. मान डोलावणं मला चांगलं जमतं.

तबस्सुम सतारमेकर चाळिशीची बाई. दुकानाच्या डाव्या अंगाला तिच्या भावाचे तंबोऱ्याचे भोपळे छताला टांगलेले, उजव्या अंगाला व्हीसीआर, टेपरेकॉर्डर आणि मला नाव माहीत नसलेली कितीतरी खोकी. तिनं कॅसेटचं झाकण अंगठ्यानं उचललं आणि नाक मुरडलं.

"काका, ही टेप आहे का ढोकळा?"

आत पांढरी बुरशी होती.

"व्हीसीआरमध्ये चालेल का?" मी विचारलं. "मी थोडं वाचून आलोय. चांगला व्हीसीआर, थरथरणाऱ्या ओळी सरळ करणारी पेटी, आणि मग कॉम्प्युटरला जोडायचं कॅप्चर कार्ड. इतकं पुरतं, असं एका पुस्तकात..."

"पुस्तक कधीचं?"

"दोन हजार नऊ."

ती हसली, पण वाईट नाही. "पुस्तक बरोबर आहे काका. टेप धड असेल तर मी अजून तसंच करते. चांगला व्हीसीआर, मधे ती पेटी, आणि कार्ड असं की जे चित्र दाबून बारीक करत नाही. पण व्हीसीआर टेप घासतो बघा. त्याचं डोकं मिनिटाला दीड हजार फेरे घेत टेपला चिकटून फिरतं. तुमच्या टेपचा लेप सुटायला लागलाय. पहिल्याच फेरीत सगळं गंजाच्या पुडीसारखं खाली येईल."

मग तिनं मला दोन यंत्रं दाखवली. मला समजलं तेवढं लिहितो. चूक असेल तर ती माझी, तबस्सुमची नव्हे.

व्हीएचएसची टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या गंजासारख्या बारीक कणांचा लेप. चित्र त्यावर तिरक्या रेघांनी लिहिलेलं असतं, आवाज काठावरच्या एका बारीक पट्टीत. अक्षरं शाईची नसतात, चुंबकत्वाची असतात. नव्या यंत्रात वाचायला हिऱ्याचा एक सूक्ष्म तुकडा आहे. त्या हिऱ्यात कार्बनच्या जागी कुठे कुठे नायट्रोजनचा अणू बसवलेला असतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी असते. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की ती जागा लाल चमकते, आणि जवळपास चुंबकत्व असेल तशी ही चमक कमीजास्त होते. त्यामुळे टेपला स्पर्श न करता, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून, हिरा रेघ न् रेघ वाचत जातो.

"दोन्ही मशीनमध्ये हिरा तोच," तबस्सुम म्हणाली. "फरक पुढं आहे. हे मोठं मशीन, 'संपूर्ण' म्हणतात याला. वाचता वाचताच फाटलेलं भरून काढतं. लाखो फिल्मा बघून शिकलंय. इथं ओठ असे हलले म्हणजे अमुक अक्षर, इथं साडीचा काठ असा म्हणजे पुढंही तसाच. संहिता दिली तर वाक्यंसुद्धा त्या माणसाच्याच आवाजात भरतं. दोन तासांत नाटक तयार, काल शूट केल्यासारखं. कच्चं वाचन मात्र ठेवत नाही. कंपनी म्हणते, कच्चं कुणाला हवंय?"

"आणि हे दुसरं?"

"हे छोटं फक्त वाचतं. आहे ते देतं, नाही तिथं करडा पट्टा. तीन आठवडे लागतात."

"दोन्हीवर करून बघता येईल?"

"टेप उलगडताना लेप गळणार. एकदाच उलगडेल. कुठल्या मशीनवर, ते तुम्ही ठरवायचं."

मला ठरवायला सांगितलं की मी दुसऱ्याकडे बघतो. चष्म्याची दांडीसुद्धा मी दुकानदारालाच निवडायला लावतो. पण या वेळी एक प्रश्न आपोआप तोंडातून बाहेर पडला.

"समजा, नाटकात मधेच बराच वेळ कुणी बोललंच नाही... आणि मग संहितेत नसलेलं वाक्य आलं, तर मोठं मशीन काय करेल?"

"संहिता दिली असेल तर? म्हणेल, इथलं खराब झालंय. शांतता काढेल, बरोबर वाक्य घालेल."

"आणि... प्रॉम्प्टरची कुजबूज?"

"ती तर खरखर म्हणून पहिली जाईल."

भोपळ्यांखालच्या स्टुलावर मी बसलो. खरं सांगतो, मला हलकं वाटलं. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. दोन तास, आणि ते कधी घडलंच नाही असं होणार. बापू खूश. मंडळ खूश. शुभदाताईंना स्वच्छ, निर्दोष नाटक मिळणार. पत्रात मला काहीच कबूल करावं लागणार नव्हतं.

"मोठ्यावरच करा," मी म्हणालो.

तबस्सुमनं मान हलवली, टेप बाजूला ठेवली. मग म्हणाली, "करते. पण आधी एक ऐका. नंतर लोक भांडायला येतात."

तिनं मोठ्या मशीनवर काढलेली एक जुनी फिल्म लावली. तिचे आजोबा, याच दुकानात, मांडीवर तंबोरा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढत होते. तारेला जी मधासारखी भुणभुण येते, तिच्यासाठीच तर ही सगळी खटपट. चित्र लख्ख होतं, आजोबांच्या नखावरची रेघसुद्धा दिसत होती. त्यांनी तार छेडली आणि आवाज आला तो प्लास्टिकच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा.

"भुणभुण खरखर समजून पुसली," तबस्सुम म्हणाली. "आजोबा वीस मिनिटं दोरा सरकवतायत आणि आवाज तसाच बद्द. माझ्या मुली मला विचारतात, पणजोबांना येत नव्हतं का गं? आता काय सांगू? टेप उलगडून झाली. पुरावा हाच."

"पण तुम्हाला तर आठवतो ना, खरा आवाज?"

"मला आठवतो. पण फिल्म एक म्हणते आणि मी दुसरं. लोक कुणाचं खरं धरतात? घरचे म्हणतात, अम्मी, तुला तसं वाटत असेल."

मी घरी आलो. शुभदाताईंचं पत्र पुन्हा उघडलं. 'माझं डोकं तेव्हा फिरलं असेल, तर' या ओळीवर बोट ठेवून बसलो. त्या बडोद्यात पडद्यासमोर बसणार. दुसरा अंक सुरू होणार. पेटी येणार, बापू येणार, आणि मांजर येणारच नाही. पन्नास वर्षं जे वाक्य त्यांना छळतंय, ते त्या कधी बोलल्याच नव्हत्या, असं त्यांना दिसणार. त्यातून त्या काय समजतील? नाटक निर्दोष आणि आपलं डोकं सदोष, एवढंच. मग त्या बडोद्याच्या लोकांना नाही म्हणून सांगतील, आणि त्यांना नाही म्हणायला लावण्याची माझी ही दुसरी वेळ असेल.

मी तबस्सुमला फोन केला. फोनवर मी नेहमी अडखळतो. त्या दिवशीही अडखळलो.

"मोठं... सुरू केलंत का?"

"नाही ओ काका. तुमचा चेहरा बघून टेप बाजूलाच ठेवलीय. छोटं ना?"

"छोटं."

"संहिता आणू नका. छोट्याला वाचता येत नाही," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

*

तीन आठवडे मी सतारमेकर गल्लीत रोज गेलो. करण्यासारखं काही नव्हतं. टेप दिवसाला जेमतेम बारा मीटर पुढे सरकायची. मी स्टुलावर बसून वाचायचो. तबस्सुमचा भाऊ मला भोपळ्याचं वय ओळखायला शिकवू लागला. बापूंना मी फक्त 'काम चालू आहे' एवढंच कळवत होतो.

एकविसाव्या दिवशी ते स्वतः रिक्षानं आले.

"काढलं का मांजर?"

"बापू," मी म्हणालो, "मांजर ठेवलंय."

"काय?"

"आहे तसं वाचणारं मशीन घेतलं. मी निवडलं." शेवटचे दोन शब्द मी जरा मोठ्यानं बोललो असेन, कारण तबस्सुमच्या भावानं कानस थांबवली.

"अरे, तुला विचारलं कुणी निवडायला? नाटक माझं!"

"आवाज माझा आहे," मी म्हणालो. "त्या वाक्याआधी येतो तो. शुभदाताईंनी मनचं काही घातलं नव्हतं, बापू. मी विंगेत रहस्यकथा वाचत होतो. त्यातली ओळ मी त्यांना दिली."

एकोणपन्नास वर्षं जे ओझं होतं ते सांगायला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. बापू उघड्या तोंडानं माझ्याकडे बघत राहिले. वाक्य विसरलेले बापू मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"बघायचं का आता?" तबस्सुम म्हणाली आणि तिनं दुसरा अंक लावला.

चित्रात करडे पट्टे होते. बापूंचा डावा खांदा अधूनमधून नाहीसा होत होता. पण आवाज चांगला राहिला होता. पेटीचा प्रसंग आला. मी सवयीनं प्रॉम्प्टची वही मांडीवर उघडली, या वेळी तीच एकटी, आणि बोट ओळींवरून चालवू लागलो.

बोट थांबलं.

"तबस्सुम, जरा मागे घ्या."

तिनं मागे घेतलं. पुन्हा तेच. पडद्यावरचे बापू कुलपावर हात ठेवतात, 'आता कुणाची परवानगी घ्यायची?' असं विचारतात आणि थांबतात. वहीत त्याच्यापुढे त्यांचीच आणखी सहा वाक्यं होती. त्यांतल्या शेवटच्या वाक्याला शुभदाताईंचं उत्तर होतं.

"बापू," मी हळूच म्हणालो, "तुम्ही अर्धं पान खाल्लं."

"मी?"

"त्या अडल्याच नव्हत्या. त्या तुमची वाट बघत होत्या."

पडद्यावर एकोणीस सेकंद शांतता. तबस्सुमनं मोजली. मग कोपऱ्यातून एका घाबरट माणसाचा आवाज आला, विंगेपासून थेट माइकपर्यंत स्वच्छ पोचलेला, "थांबा! कुणी हलू नका. पेटीत मांजर आहे." माझा आवाज इतका तरुण होता याचं मला नवल वाटलं. त्यामागोमाग शुभदाताईंनी तेच वाक्य म्हटलं, आणि इतक्या जरबेनं म्हटलं की थोरल्या भावाचा कुलपावरचा हात खरोखरच मागे आला.

"मांजर?" पडद्यावरचे बापू म्हणाले. हे संहितेत नव्हतं. ते मनापासून विचारत होते.

आणि शुभदाताई, अवघ्या चोवीस वर्षांच्या, पदर खोचून पेटीवर बसल्या.

"हो. आईच्या लुगड्यांवर व्यायली आहे. पिल्लं चार आहेत आणि तुम्ही तिघं. करा वाटणी."

मग तो हशा आला, ज्याला घाबरून मी पळालो होतो. मी तो फक्त पहिले दोन सेकंद ऐकला होता. त्यापुढे टाळ्या होत्या. चित्र करड्या पट्ट्यांत बुडालं, तरी टाळ्या चालूच. बाहेर सायकलस्टँडवरच होतो, तर या टाळ्या मला कशा ऐकू आल्या नाहीत? आल्या असतील. मी त्यांना पाऊस समजलो असेन. घाबरलेल्या माणसाचा कान आणि ते 'संपूर्ण' यंत्र, दोघंही आधीच ठरवून ऐकतात.

तबस्सुम पोट धरून हसत होती. "काका, या बाईला घेऊन या इकडं. पाया पडते मी."

बापू हसत नव्हते. म्हणाले, "त्या नाटकात मी लिहिलेल्या एकाही वाक्याला टाळी नव्हती मिळाली. ह्या एकालाच. म्हणून मी तिला..." मग उसनं हसू आणून त्यांनी विचारलं, "तबस्सुम, ते मोठं मशीन माझं अर्धं पान भरून देईल का गं?"

"देईल की. पण आता टेप संपली."

"संपली," बापू म्हणाले. काठी घेऊन उठले. दाराशी थांबले. "अच्युता, महोत्सवात हेच दाखवू. पट्ट्यांसकट. आणि आधी तिला कळव. माझ्याकडूनही लिही... नको, मी फोन करतो. पण तू आधी लिही."

*

बारावं पत्र लिहायला मला चाळीस मिनिटं लागली. 'सप्रेम नमस्कार'च्या पुढचं वाक्य असं होतं : "पेटीतलं मांजर माझं होतं." ते एकदा उतरल्यावर बाकीचं आपलं आपण आलं. रहस्यकथा, सायकलस्टँड, मी गप्प राहिलो तो क्षण. बापूंनी खाल्लेलं अर्धं पान मी लिहिलं, पण त्याच्याआड लपलो नाही. एकोणीस सेकंदांचा हिशोब दिला. टाळ्या किती वेळ होत्या तेही तबस्सुमकडून मोजून घेऊन लिहिलं, कारण माझ्या शब्दांवर त्यांनी विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नव्हतं. क्षमा एकदाच मागितली. दुसऱ्यांदा मागितली होती ती खोडली, वाचायला बरी दिसेना. शेवटी लिहिलं : "तुमचं डोकं त्या दिवशी सभागृहातलं सर्वांत जाग्यावर असलेलं डोकं होतं. बडोद्याला हो म्हणा."

नखाएवढ्या चकतीवर तबस्सुमनं दुसरा अंक भरून दिला होता. ती कागदात गुंडाळून पाकिटात घातली आणि पाकीट चिकटवलं.

टपाल आता आठवड्यातून दोनदाच निघतं आणि पेटी फक्त स्टेशनजवळच्या कचेरीत उरली आहे. दसऱ्याला नऊ दिवस होते. चालत गेलो. पेटीपाशी पोचल्यावर मला वाटलं, एक गोष्ट लिहायची राहिली. पाकीट तर चिकटलेलं. फाडावं, तर घरी जाऊन पुन्हा बसेन, आणि पुन्हा बसलो तर माझा काही भरवसा नाही.

खिशात पेन्सिल होती. पाकीट भिंतीला टेकवून मागच्या बाजूला लिहिलं, जिथं पोस्टमनसुद्धा वाचू शकेल :

"ता. क. तिकडच्या नाटकाला प्रॉम्प्टर लागला तर मी येईन. सोबत दुसरं पुस्तक आणणार नाही."

वाचून बघितलं. आगाऊपणा वाटला. खोडावं का, असा विचार करायला लागलो आणि तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, टाकताय ना?"

"टाकतो," मी म्हणालो, आणि टाकलं.